वाटाण्याएवढी जागा

आमच्या सरांपुढं ‘थोडंसं’ म्हणायची सोय नव्हती. कँटीनवाला म्हणाला, आज चहा थोडासा पातळ झालाय, की सर मान वर करून विचारायचे, “किती?” त्या विचारण्यात टोमणा नसायचा. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. कँटीनवाला हसायचा, मग विचारात पडायचा, आणि शेवटी सांगायचा की दूध अर्धा पेला कमी पडलं. सर समाधानानं तो पातळ चहा पिऊन टाकायचे.

सांगलीतल्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या तळघरात किरणांचं मशीन आहे. तिथं मी टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते, रहिमतपूरहून नुकतीच आलेली. सर तिथले फिजिसिस्ट. हा शब्द आमच्या घरी कुणाला सांगून कळत नसे. माझी आई त्यांना शेवटपर्यंत ‘मशीनवाले डॉक्टर’ म्हणाली. ते डॉक्टर नव्हते. किरण कुठं आणि किती द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. ते बरोबर तिथंच कसे पोचतील आणि शेजारच्या निरोगी भागाला कसे चुकवतील, ते गणित फिजिसिस्ट बसवतो. पेशंटला हा माणूस बहुधा दिसतही नाही.

आमचे सर मात्र दिसायचे, आणि नको तिथं दिसायचे. सकाळी पेशंट यायच्या आधी दीड तास ते येत. विश्रामबागेतून चालत यायचे. मशीनखाली पाण्याची टाकी लावून किरण नेमके किती खोल आणि किती जोरात जातात ते मोजायचे. रोज एवढं करायची गरज नसते. मी एकदा तसं म्हणाले तर म्हणाले, “रोज नसते. पण कुठल्या दिवशी असते ते सांग, मी त्या दिवशी करतो.”

ते झालं की वर हॉलमध्ये जाऊन नातेवाइकांच्या बाकावर बसायचे. अंगात साधा बुशशर्ट, पायात चपला, बारीक अंगकाठी. नव्या लोकांना ते पेशंटच वाटत. आष्टा भागातल्या एका आजीनं एकदा त्यांना केळं दिलं आणि विचारलं, तुमचं किती झालं? सर म्हणाले, “माझं चालूच आहे, आज्जी.” आजी हळहळली. पुढचे पंधरा दिवस ती त्यांच्यासाठी रोज एक केळं आणत होती, आणि सर ते तिच्यासमोर बसून खात होते. शेवटच्या दिवशी तिला कुणीतरी खरं सांगितलं. ती चिडली नाही. म्हणाली, केळी काय वाया गेली न्हाईत, हाडं बघा की त्याची.

हॉलमध्ये बसून ते एकच गोष्ट विचारत फिरायचे: काम काय करता. फाईलवर व्यवसायाचा रकाना असतोच, पण त्यात सगळ्यांच्या पुढं ‘शेती’ किंवा ‘घरकाम’ लिहिलेलं असतं. सरांना ते पुरत नसे. शेतीत काय करता, कुठल्या हातानं करता, बसून की वाकून, हे सगळं ते विचारून घेत आणि कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहीत. ‘गवंडी, डावखुरा.’ ‘भाकरी थापते, दिवसाला साठ.’ मला वाटायचं, हा माणूस एकटा राहतो, बोलायला कुणी नाही, म्हणून विचारत असेल. तो कागद मशीनच्या गणितापर्यंत जातो, हे मला एका फौजीमुळं कळलं.

तो फौजी सातारा तालुक्यातला, उसाच्या घरचा. त्याच्या मांडीत स्नायूचा दुर्मीळ कॅन्सर होता. आमच्याकडं तसा पेशंट वर्षातून एखादा यायचा. ऑपरेशन करून गाठ काढली होती, पाय वाचवला होता, आणि मागं काही राहिलं असलं तर ते मरावं म्हणून किरण द्यायचे होते. आमच्याकडं सगळे त्याला शेक म्हणतात. सरांनी त्याची मांडी सगळीकडून शेकली नाही, आतल्या बाजूला कातडीची एक उभी पट्टी मुद्दाम सोडली. कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘फौजी, दिवसभर बूट.’ फौजीला वाटलं, हे लोक अर्धंच काम करतायत. सर त्याला म्हणाले, उसाच्या फडात चारी बाजूंनी बांध घातला तर पाणी कुठं जाईल? पायातलं पाणी वर चढायला एक पाट मोकळा ठेवावा लागतो. तो बंद केला तर पाय सुजून खांबासारखा होईल आणि बूट घालता येणार नाही. फौजीला हे इतकं पटलं की तो हॉलमध्ये बसून जो भेटेल त्याला मांडीतला पाट समजावून सांगत असे.

सर आता निवृत्त होऊन वाईकडं आपल्या गावी राहतात. त्यांच्याबद्दल सांगायला लागले की लोक हसतात, आणि हसण्यासारखे ते होतेच. पण मी ज्या गोष्टीमुळं त्यांच्यापुढं कायमची वाकले, ती बिरामामांची.

बिरामामा जत तालुक्यातले धनगर. पन्नाशीचे, उंच, डोक्याला लाल फेटा. कानाच्या पुढं, डाव्या गालात जी थुंकीची ग्रंथी असते, तिथं त्यांना गाठ झाली होती. गाठ फार क्वचित होणाऱ्या जातीची होती. ऑपरेशन दुसरीकडं झालं आणि चांगलं झालं. पण आमच्या डॉक्टर मॅडमनी त्यांच्या बायकोला समजावलं की ही गाठ नसेवरून सरपटत जाते. डोळ्याला दिसलं तेवढं सर्जननी काढलंय, पण चेहऱ्याच्या नसेवर काही चिकटून राहिलं असलं तर ते डोक्याच्या हाडापर्यंत जाईल. म्हणून त्या सगळ्या वाटेवर शेक द्यायचा. तीस दिवस, शनिवार-रविवार सोडून. मामांचा मेहुणा कुपवाडला एका फाऊंड्रीत कामाला होता. त्याच्याकडं ते दोघं राहिले, आणि मेहुणा पाळीवर जाताजाता मामांना गाडीवर आणून सोडायचा.

पहिल्याच दिवशी अडलं. डोक्याला शेक द्यायचा तर डोकं हलता कामा नये. त्यासाठी प्लॅस्टिकची एक जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतात. ती थंड झाली की चेहऱ्याच्या आकाराची कडक होते, आणि मग ती टेबलाला खटके लावून अडकवतात. मी पहिला खटका लावला तोच मामांनी दोन्ही हातांनी जाळी उपटली आणि उठून बसले. घामाघूम झाले होते.

“मेंढराला बी आमी तोंड बांधून धरत न्हाई,” ते म्हणाले. “मी जातो घरला.”

मॅडमनी समजावलं, बायकोनं समजावलं, मी समजावलं. मग सर आले. आमच्याकडं फळीवर पेशंटच्या जाळ्या नावानिशी लावून ठेवलेल्या असतात. त्यात एक सरांची स्वतःची होती, त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेली. दर सोमवारी ते ती घालून बंद मशीनखाली पडून राहायचे, त्या आठवड्यात सर्वांत जास्त वेळ लागणाऱ्या पेशंटला लागेल तेवढा वेळ. आम्ही पोरी त्यावरून पाठीमागं हसायचो. त्या दिवशी त्यांनी चपला काढल्या, टेबलावर आडवे झाले आणि मला खूण केली. मी जाळी लावली, चारही खटके अडकवले. मामा भिंतीला टेकून बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. जाळीखाली सरांची छाती तेवढी वरखाली होत होती. पंधरा मिनिटं होत आली तेव्हा मामा पुढं आले.

“उतरा आता, सायेब,” ते म्हणाले. “मी झोपतो.”

त्यानंतर सरांनी त्यांना आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मामांनी सांगितलं, मेंढरं राखतो, दुसरं काय. सरांनी विचारलं, राखता म्हणजे कशानं राखता? काठीनं, कुत्र्यानं, डोळ्यानं?

मामांना असं आधी कुणी विचारलं नसावं.

“कानानं,” ते म्हणाले. “दोनशे जीव. झाडोऱ्यात निम्मी दिसत बी न्हाईत. कुठलं कुठं चरतंय, कुठलं खोकतंय, लांडगा आला तर कुठल्या अंगानं आला, सगळं कानावर हाय.”

“एका कानानं भागेल?”

“ऐकू यील. पर कुठनं आलं ते कळायचं न्हाई. त्याला दोन लागतात.”

सरांनी ते लिहून घेतलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. का उतरला ते मला त्या दुपारी कळलं. त्यांनी मला संगणकावर मामांच्या डोक्याचं चित्र दाखवलं. ज्या नसेवर शेक द्यायचा ती कानामागच्या हाडातून जाते, आणि त्याच हाडात, तिच्या अगदी शेजारी, ऐकण्याचं इंद्रिय असतं. गोगलगाईच्या शंखासारखं वळलेलं, वाटाण्याएवढं. त्याला फार शेक लागला तर वर्षा-दोन वर्षांत तो कान हळूहळू मंद होत जातो.

सर मॅडमकडं गेले. मॅडम कडक होत्या पण सरळ होत्या. त्या म्हणाल्या, नस पूर्ण झाकली गेली पाहिजे, त्यात मी कणभर सोडणार नाही, गाठ उलटली तर कान घेऊन काय करणार हा माणूस? सर म्हणाले, “नस सुटणार नाही. मला चार दिवस द्या.”

त्या चार दिवसांत मी सरांना जेवताना पाहिलं नाही. किरण कुठल्या कोनातून सोडायचे, कुठल्या कोनात त्यांना किती आडोसा करायचा, याचे हजार मेळ बसवता येतात. एक बसवला की नस झाकली जायची पण कान जळायचा. दुसरा बसवला की कान वाचायचा पण नसेची एक कड उघडी पडायची. संगणकात प्रत्येक आखणीला नाव द्यावं लागतं. बिरा एक, बिरा दोन, असं करत ते बिरा सतरापर्यंत गेले. सोळावी आखणी मॅडमना चालली होती. सरांनाच ती चालली नाही. पुरा शेक पोचतो ती जागा पडद्यावर लाल दिसते. सतराव्यात नस पुरती लाल रंगाखाली होती आणि तिला लागून, नखाच्या जाडीएवढ्या अंतरावर, तो वाटाणा लालच्या बाहेर होता. मॅडमनी पडद्यावर नसेची सगळी वाट तपासली आणि सही केली.

सर मला म्हणाले, “आता हे कागदावर आहे. खरं करणं तुझ्या हातात आहे. ह्यांचं डोकं रोज जागच्या जागी पाहिजे.”

दोन आठवडे सगळं नीट चाललं. रोज शेक द्यायच्या आधी मशीनवरच डोक्याचा फोटो काढायचा, तो मूळ चित्राशी जुळवायचा, मग बटण दाबायचं. तिसऱ्या आठवड्यात मामांचं तोंड आतून सोलपटलं, गिळता येईना, गाल बसले. एका मंगळवारी जाळी लावल्यावर मला दिसलं की आत त्यांची हनुवटी हलतेय. फोटोत डोकं तीन मिलिमीटर खाली होतं आणि किंचित कललेलं. टेबल सरकवून तीन मिलिमीटर भरून निघाले, पण कललेलं डोकं टेबल सरकवून सरळ होत नाही. बाहेर हॉल भरला होता. मशीन मध्येच बंद पडून सगळ्यांना उशीर झाला होता. मी मनात म्हणाले, थोडंसंच आहे. आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी आदल्या दिवशीचे फोटो उघडले. मग ते मला हाक मारायला आले.

“काल किती होतं?”

मी सांगितलं. तीन मिलिमीटर, आणि कललेलं होतं, ते तसंच राहिलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला शेजारी बसवलं, कालच्या कलानं चित्र फिरवलं आणि बोटानं दाखवलं. वाटाणा लालच्या आत गेला होता.

“एका दिवसानं त्यांचा कान जाणार नाही,” सर म्हणाले. “ते मी मोजलंय. पण तू बोलली नाहीस. आज मी बघितलं नसतं तर राहिलेले सगळे दिवस असेच गेले असते. आता वर चल, त्यांना सांगायचंय.”

मला वाटलं, डॉक्टरांना सांगायचं म्हणतायत. ते मॅडमना त्यांनी आधीच सांगितलं होतं. चुकांची नोंद करायची एक वही असते, तिच्यात त्यांनी स्वतःचं नाव आधी लिहिलं होतं. वजन उतरतंय तर जाळी कधी बदलायची हे ठरवणं आपलं काम होतं, असं कारण देऊन. आता ते पेशंटला सांगायला निघाले होते. इतक्या वर्षांत मी असं कुणाला करताना पाहिलं नव्हतं.

हॉलमध्ये मामा आणि त्यांची बायको भिंतीकडच्या बाकावर बसले होते. सर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि साध्या शब्दांत म्हणाले की काल आमची चूक झाली. काय झालं, किती झालं, त्यानं काय होईल आणि काय होणार नाही, सगळं सांगितलं. आज शेक देणार नाही, नवी जाळी करू, नवं चित्र काढू, शुक्रवारी पुन्हा सुरू करू, बुडालेले दिवस शनिवारी भरून काढू. ते ‘आमची’ म्हणत होते. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “माझी चूक, मामा.”

मामांना बोलायला दुखत होतं. त्यांची बायको माझ्याकडं बघत होती. हिरव्या लुगड्यातली, किडकिडीत बाई, तोवर माझ्याशी चार शब्दही बोलली नव्हती.

“आमी सांजच्याला मेंढरं मोजतो,” ती म्हणाली. “दोनशेत एक कमी भरलं तर थोडंसं कमी हाय म्हणून जेवाय बसत न्हाई, बाई. हुडकाय जातो.”

मग तिनं नवऱ्याच्या हाताला धरलं आणि सरांना विचारलं, जाळी कुठं करायची?

त्या दुपारी नवी जाळी करताना सर माझ्या शेजारी उभे होते. काम त्यांनी मलाच करायला लावलं. पाणी बरोबर तापलं की नाही ते मी तीनदा बघितलं. जाळी गालावर दाबत असताना मामांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि ती थंड होईपर्यंत काढला नाही.

राहिलेले सगळे दिवस मी रोज आकडा लिहिला आणि सरांना दाखवला. त्यांनी त्या मंगळवारचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मामांचे तीस दिवस पुरे झाले, आणि शेवटच्या दिवशी ते फेटा नीट बांधून, आम्हा दोघांना लांबून नमस्कार करून मेहुण्याच्या गाडीवर बसून गेले.

दीड वर्षानं ते तपासणीला आले. तोंड भरलं होतं, डाव्या बाजूची मिशी जरा विरळ उगवली होती. स्कॅन स्वच्छ निघाला. मॅडम म्हणाल्या, ही गाठ लबाड असते, अजून पुष्कळ वर्षं बघत राहावं लागेल, पण आज तरी काही नाही. कानाची तपासणी झाली. उजवा चांगला, डावा किंचित उतरलेला. तो अहवाल सरांनी पुन्हा पुन्हा वाचला. बंद खोलीत, कानाला यंत्र लावून, एकेका कानाची अशी ती तपासणी असते. मामांनी सांगितलेलं त्यात कुठंच नव्हतं. आवाज कुठून आला हे त्यांना कळतं का, असा रकानाच त्या कागदावर नव्हता.

मामांची मेंढरं तेव्हा कुपवाडच्या पुढं एका मोकळ्या रानात बसवलेली होती. सरांनी विचारलं, येऊ का? मला धक्काच बसला. हा माणूस कुणाच्या लग्नालाही जात नसे. माझ्या स्कूटीवर मागं बसून, दोन्ही हातांनी सीट धरून ते आले.

दिवस मावळायला तासभर होता. कारखान्यांची पत्र्याची छपरं मागं पडली, आणि पुढं काढलेल्या हरभऱ्याचं रान पांढऱ्या-काळ्या मेंढरांनी भरलेलं दिसलं. मामांच्या बायकोनं चहा ठेवला. सरांनी आपलं म्हणणं मांडलं तेव्हा मामा हसले, पण रानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. बायकोनं फेट्याचा शेव सोडून त्यांच्या डोळ्यांवर बांधला. सर चपला काढून अनवाणी, ढेकळांवरून हळूहळू लांब गेले आणि एक टाळी वाजवली. मामांनी त्यांच्याकडं बोट केलं. सर चालत दुसरीकडं गेले, टाळी वाजवली. बोट बरोबर तिकडं. तिसऱ्या वेळी ते मामांच्या डाव्या हाताला, मागच्या अंगाला गेले. टाळी वाजली. मामा थांबले. मान थोडी फिरवली. मग त्यांचा हात उठला, आणि बोट नेमकं सरांच्या छातीवर रोखलं गेलं.

सर परत आले नाहीत. तिथंच ढेकळांत बसले, गुडघ्यांभोवती हात घालून. मी जवळ गेले तर त्यांचे डोळे भरले होते. मामाही आले आणि शेजारी उकिडवे बसले.

“आता काय काय ऐकू येतं?” सरांनी विचारलं.

मामांनी क्षणभर कान दिला. मग सांगायला लागले. तिकडं बांधाच्या पलीकडं एक गाभणी धापा टाकतीय. ह्या अंगाला दोन कोकरं आईला सोडून खेळत्यात. मागं कुत्रं माती उकरतंय. लांब ओढ्याला पाणी हाय, तिथं टिटवी बसलीय, उठंल आता. त्यांनी बोट केलेल्या बाजूला काही वेळानं खरंच एक टिटवी ओरडत वर उडाली.

मला फक्त वारा ऐकू येत होता. सरांकडं बघितलं. कानाचं ते वाटाण्याएवढं इंद्रिय त्यांनी सतरा वेळा बाजूनं, वरून, खालून आखलं होतं, त्याचा प्रत्येक वळसा त्यांना पाठ होता. मामा सांगतील तिकडं ते मान वळवत होते, श्वास रोखून ऐकायला बघत होते, आणि काहीच ऐकू येत नसताना लहान मुलासारखी होकाराची मान हलवत होते.